कार्बन सीटपोस्ट घरी कापताना धागे का सुटतात, कड का फाटते

सीट हवी तेवढी खाली जात नाही. सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते तो दांडा, फ्रेमच्या आत कुठेतरी टेकते आणि वर तीनेक सेंटिमीटर जास्तीचे उरतात. लहान मापाची फ्रेम आणि ३५० मिमीची पोस्ट, किंवा सीट ट्यूब (फ्रेमची ज्या नळीत पोस्ट जाते ती) मध्येच वाकलेली माउंटन बाइक, अशा जोडीत हे हमखास होते. मग पोस्ट कापायचे ठरते, आणि कापल्यानंतरच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: बाहेरच्या थराचे धागे पिंजारले, खालच्या बाजूला सालपट निघाले, काप तिरका गेला, किंवा काप छान आला पण पोस्ट आता रोज थोडी थोडी खाली सरकते.

करवत मधल्या टप्प्यात फारसे काही बिघडवत नाही. कड बिघडते ती तीन कारणांनी: पहिले आठ-दहा हात घाईत मारले, शेवटचे दोन-तीन मिमी आधार न देता तोडले, किंवा पोस्ट चुकीच्या पद्धतीने आवळून धरली. या तिन्हींवरचे उपाय सोपे आहेत. त्याहून महत्त्वाचा भाग आहे किती कापायचे हे ठरवण्याचा. फाटलेली कड डोळ्यांना दिसते. फ्रेममध्ये कमी गेलेली पोस्ट मात्र काहीतरी तुटेपर्यंत दिसत नाही.

ही पोस्ट कापण्यासारखी आहे का

इथे लिहिले आहे ते सरळ, गोल, पोकळ कार्बन पोस्टबद्दल: २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिमी व्यासाच्या. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटणाने खाली-वर होणारी, कापायची नसते. तिच्या खालच्या टोकात यंत्रणा असते. सस्पेन्शन पोस्टचेही तेच. दोन पात्यांत उभी चिरलेली लवचीक पोस्ट किंवा चपट्या छेदाची एअरो पोस्ट असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेत कापण्याची मर्यादा दिली आहे का ते आधी बघा. दिली असेल तर तेवढीच, नसेल तर कापू नका. फ्रेमचाच भाग असलेला सीटमास्ट वरून कापतात, त्याचे हिशेब वेगळे आहेत आणि ही पद्धत त्याला लावू नये.

पोस्ट उलटी करून खालच्या तोंडातून टॉर्चने आत बघा. कडेला चंदेरी वर्तुळ दिसले तर आत ॲल्युमिनियमची नळी आहे आणि कार्बन तिच्यावरचे वेष्टन आहे. अशी पोस्टही कापता येते, पण कार्बन कापायचे खरबरीत कणांचे ब्लेड ॲल्युमिनियमने भरून जाते. तिथे बारीक दातांचे ब्लेड घ्या आणि आतली बर (कापल्यावर उरलेली धातूची धारदार कोर) गोल कानशीने काढा. शिमानो डीआय-टू (विजेवर चालणारे गिअर) असलेल्या बऱ्याच सायकलींत बॅटरी पोस्टच्या आतच बसवलेली असते. ती काढल्याशिवाय करवत हातात घेऊ नका, आणि कापून उरलेल्या लांबीत बॅटरी आणि तिचा होल्डर पुन्हा बसेल का हे आधीच मोजून घ्या.

वजन कमी करायचे म्हणून कापत असाल तर आधी हिशेब बघा. २७.२ मिमीची, २.२ मिमी जाड भिंतीची पोस्ट ५० मिमी कापली, तर कमी होतात साधारण १३ ग्रॅम. पाण्याचा एक घोट त्याहून जड असतो. त्या १३ ग्रॅमसाठी पोस्टची फ्रेममधली पकड कमी करू नये.

किती कापायचे

सीटची उंची बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या अक्षाच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत मोजा. क्लॅम्प (फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट आवळणारे कडे) ढिला करून पोस्ट हलक्या हाताने खाली न्या. ठोकू नका, पिळून दाबू नका. जिथे टेकेल तिथे क्लॅम्पच्या वरच्या कडेला लागून पोस्टवर मास्किंग टेप लावा आणि या स्थितीतली सीटची उंची लिहून ठेवा. मग पोस्ट काढून टेपपासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. ही झाली फ्रेमने दिलेली खोली.

समजा खोली १६५ मिमी आली. पोस्ट टेकलेली असताना सीटची उंची ७२० मिमी आहे आणि तुम्हाला हवी ६९०. म्हणजे ३० मिमी तर कापायलाच हवेत. त्यात १५ मिमी मोकळीक मिळवा: एकूण ४५ मिमी. कापल्यावर हव्या उंचीला पोस्ट फ्रेममध्ये १५० मिमी जाईल आणि तिच्या टोकाखाली १५ मिमी जागा उरेल. ही मोकळीक सोडू नका. पुढे क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट बदलले, सीट बदलली, तर उंची पाच-दहा मिमी हलते. आणि टोक आत कशाला टेकले तर प्रत्येक खड्ड्यात टक् टक् वाजते.

पोस्ट नेमकी कशाला टेकते हेही टॉर्चने बघून घ्या. पुष्कळदा सीट ट्यूबचा वाक किंवा अरुंद झालेला भाग कारणीभूत नसतो; बाटलीच्या केजचे लांब बोल्ट आत डोकावत असतात. असे असेल तर एम-५ चे आखूड बोल्ट टाकून बघा. कापायचे माप बरेच कमी होते, कधी कापायची गरजच उरत नाही. त्या बोल्टांनी पोस्टवर ओरखडे पाडले असतील तर ते नखाने तपासा. नख अडकत असेल, म्हणजे ओरखडा वरच्या लॅकरखाली धाग्यांपर्यंत गेला असेल, आणि तो भाग कापून जाणार नसेल, तर ती पोस्ट वापरू नये.

आता उरलेली खोली पुरेशी आहे का ते बघा. इथे तीन अटी आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी पाळायची: पोस्ट बनवणाऱ्याने सांगितलेली किमान खोली, फ्रेम बनवणाऱ्याने सांगितलेली किमान खोली, आणि पोस्टचे टोक टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) व सीट ट्यूबच्या सांध्याच्या खालच्या कडेपलीकडे गेलेच पाहिजे ही तिसरी. छापील आकडा कुठेच मिळत नसेल तर १०० मिमीच्या खाली जाऊ नका.

यात एक फसवी गोष्ट आहे. पोस्टवर छापलेली किमान खोलीची रेघ खालच्या टोकापासून मोजलेली असते. टोकच कापले की ती रेघ खोटी ठरते. आधी टोकापासून १०० मिमीवर असलेली रेघ ४५ मिमी कापल्यावर ५५ मिमीवर येते. आयएसओ ४२१० या सायकलींच्या मानकात गोल पोस्टची रेघ टोकापासून निदान दोन व्यासांवर असावी असे म्हटले आहे, २७.२ च्या पोस्टला ते ५४.४ मिमी होतात. म्हणजे जुनी रेघ कागदोपत्री अजूनही मानकात बसते, पण तुमच्या पोस्टच्या कंपनीने १०० मिमी मागितले होते ते काही बदललेले नाही. म्हणून कापल्यावर नव्या टोकापासून त्याच अंतरावर पेंट मार्करने नवी रेघ काढा आणि जुनीवर काट मारा. रेघ खरवडून काढू नका. कार्बनवरची खाच हीच पुढे भेग होते.

खोली कमी पडली की काय होते ते आकड्यांत बघा. क्लॅम्प हा तरफेचा टेकू आहे. वर १५० मिमी पोस्ट बाहेर आणि आत १००, तर सीटवर मागे रेटणाऱ्या जोराच्या दीडपट जोर पोस्टचे खालचे टोक सीट ट्यूबच्या पुढच्या भिंतीवर लावते. आत ५० मिमीच असेल तर तिप्पट. तो जोर नेमका सांध्याजवळच्या पातळ भिंतीवर पडतो, आणि तडकते ती फ्रेम. सीटपोस्ट नवी घेता येते. फ्रेमचा सांधा तडकला तर प्रकरण फार महागात जाते. हिशेबात खोली कमी येत असेल तर कापू नका. कमी उंचीची सीट किंवा वेगळ्या घडणीची, आखूड डोक्याची पोस्ट बघा.

ब्लेड आणि पकड

हार्डवेअरच्या दुकानात हॅकसॉ ब्लेड मागितले की बहुधा इंचाला १८ किंवा २४ दातांचे हातात येते. आग्रहाने ३२ दातांचे मागा. कारण साधे आहे: कापत असलेल्या भिंतीच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत. ३२ दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांतले अंतर ०.८ मिमी, म्हणजे २.२ मिमी भिंतीत जवळजवळ तीन दात बसतात. १८ दातांच्या ब्लेडमध्ये तेच अंतर १.४ मिमी आहे. एकच दात भिंतीत अडकतो आणि धागा कापण्याऐवजी उचकटून ओढतो. पिंजारलेल्या कडेचे पहिले कारण हेच. सायकलच्या दुकानातून टंगस्टन कार्बाइडच्या कणांचे, बिनदातांचे ब्लेड मिळाले तर सर्वांत उत्तम. ते कापत नाही, घासत जाते, आणि दोन्ही दिशांनी चालते.

ब्लेड नवे असू द्या. कार्बन धातूच्या दातांना फार लवकर बोथट करतो, आणि बोथट ब्लेड म्हणजे जास्त दाब, जास्त उष्णता. पाइप कटर वापरूच नका. त्याचे चाक नळीला सगळीकडून दाबत फिरते. तांबे किंवा ॲल्युमिनियम त्या दाबाने वळते, कार्बनचे थर चुरडतात आणि आतून सुटतात, आणि बाहेरून कड ठीकठाक वाटू शकते. अँगल ग्राइंडरने काम एका मिनिटात होते, पण घरात ते नको. ढगभर बारीक धूळ उडते, कडेचे रेझिन (धागे चिकटवून धरणारा पदार्थ) तापून मऊ पडते आणि थरांची पकड जाते. काळपट, जळका वास आलेली कड पुन्हा कापावी लागते.

सरळ कापासाठी फोर्कचा स्टीअरर (हँडलला जोडणारी नळी) कापायचे सॉ-गाइड, म्हणजे करवत सरळ ठेवणारा साचा, चांगले. २८.६ मिमीच्या स्टीअररसाठी बनवलेल्या बहुतेक गाइडमध्ये २७.२ ची पोस्ट बसते, ३१.६ साठी गाइड किती उघडते ते आधी बघा. गाइड नसेल तर दोन होज क्लिप घ्या, कारच्या कूलंट पाइपला असतात तशा. टेपवरून त्या शेजारी शेजारी बसवा, मध्ये ब्लेड जाईल एवढीच फट ठेवा. होज क्लिप स्क्रू ड्रायव्हरने हवी तेवढी आवळता येते, म्हणूनच ती जास्त आवळू नका: हाताने फिरवून पाहिली तर सरकू नये, इतकेच.

व्हाइसच्या जबड्यात पोस्ट थेट कधीच धरायची नाही. दोन लोखंडी जबडे पोकळ नळीला दोनच रेषांवर दाबतात आणि थरांच्या आत भेग पडते, जी वरून दिसत नाही. गाइड वापरत असाल तर व्हाइसमध्ये गाइड धरा. नाहीतर दोन लाकडी ठोकळ्यांना व्ही आकाराची खाच पाडा, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला आणि त्यांच्यामध्ये पोस्ट धरा. व्हाइसच नसेल तर टेबलाच्या कडेला एका खाचेच्या ठोकळ्यावर पोस्ट ठेवून पट्ट्याने बांधा. काम सावकाश होते, पण कड तितकीच चांगली येते.

धूळ

कार्बनचा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो. कापताना त्याचे तुकडे आणि रेझिनची भुकटी असे मिश्रण उडते. ते डोळ्यांत, घशात आणि त्वचेत टोचते, खाज सुटते, आणि फुप्फुसात जाऊ द्यायची ही गोष्टच नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्क पुरत नाही. एन-९५, किंवा आयएस ९४७३ नुसार एफएफपी-२ लिहिलेला मास्क, नाकावर घट्ट बसवून घ्या. दाढीवर तो नीट बसत नाही हेही लक्षात घ्या. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल, हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे बाथरूम. गॅलरीत वारा असतो आणि धूळ शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. फरशीवर चार-पाच थर ओल्या वर्तमानपत्राचे अंथरा. स्प्रे बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घ्या, आणि दर दहा-बारा हातांनंतर कापावर फवारा. ओली धूळ उडत नाही, काळी पेस्ट होऊन खाली पडते. ब्लेडही थंड राहते. पंखा बंद. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर ठेवा. कार्बनची धूळ वीजवाहक असते, त्यामुळे लॅपटॉप, चार्जर, उघडे स्विचबोर्ड जवळपास नकोत.

काम झाल्यावर झाडू मारू नका, कॉम्प्रेसरने फुंकू नका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको: साध्या फिल्टरमधून बारीक धूळ मागून परत खोलीत येते. ओल्या फडक्याने सगळे टिपा, वर्तमानपत्र आतल्या बाजूला गुंडाळा, फडक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बांधा. शर्ट इतर कपड्यांपासून वेगळा धुवा. बोटात कुसळ गेलेच तर चोळू नका, आत तुटते; चिकटपट्टी लावून ओढा, नाहीतर बारीक चिमट्याने काढा.

काप

सीट काढून ठेवा. जिथे कापायचे त्या जागेवर मास्किंग टेपचे तीन घट्ट वेढे द्या, रेघेच्या दोन्ही बाजूंना निदान १५ मिमी टेप राहील असे. टेप बाहेरच्या थराला दाबून धरते, त्याचे धागे वर उठू देत नाही. कागदाची सरळ कडेची पट्टी पोस्टभोवती गुंडाळा. पट्टीची दोन टोके कडेला कड जुळली की ती कड अक्षाला काटकोनात आहे. तिच्या कडेने टेपवर पेनाने रेघ ओढा. काप नेहमी खालच्या टोकाकडून, डोक्याकडून कधीच नाही.

नळीच्या आत ओल्या कापडाचा बोळा सरकवा, रेघेच्या वर तीनेक सेंटिमीटर, म्हणजे धूळ डोक्यापर्यंत जाणार नाही.

आणि थेट अंतिम रेघेवर सुरुवात करू नका. ४५ मिमी कापून टाकायचेच आहेत, तर पहिला काप टोकापासून दहाएक मिमीवर, टाकाऊ भागात घ्या. त्यावर टेप, पकड, हाताचा वेग सगळे तपासून होते. तो तुकडा हातात घेऊन बघा: कड कशी आली, भिंत किती जाड आहे, आत ॲल्युमिनियम आहे का. इथे धागे सुटले असतील तर कारण शोधा आणि मगच खऱ्या रेघेवर या.

खरा काप असा. आधी सगळा घेर नुसता खुणावून घ्या: ब्लेड रेघेवर टेकवून, जवळजवळ करवतीच्या वजनानेच, चार-पाच हात मारा, पोस्ट थोडी फिरवा, पुन्हा चार-पाच. पूर्ण घेराला अर्ध्या मिमीची चर पडली की बाहेरचा थर सगळीकडे स्वच्छ कापला गेला. करवत बाहेर निघताना जो थर फाटतो तो आता आधीच तुटलेला असतो. होज क्लिप वापरत असाल तर पकड सोडून पोस्ट क्लिपांसकट फिरवा. गाइडमध्ये फिरवणे जमत नसेल तर निदान वरचा आणि खालचा भाग असे दोनदा खुणावा.

मग कापायला लागा. ब्लेडची पूर्ण लांबी वापरा, मिनिटाला चाळीसच्या आसपास हात, दाब हलका. ब्लेड वाकत असेल किंवा कापातून करकर आवाज येत असेल तर दाब जास्त आहे. मधूनमधून फवारा. अर्धा काप झाल्यावर पोस्ट अर्ध्या फेरीने फिरवून दुसऱ्या बाजूने या.

शेवटचे तीन मिमी उरले की थांबा. टाकाऊ तुकडा दुसऱ्या हाताने, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून, खालून आधार देऊन धरा: वर उचलायचा नाही, खाली ओढायचा नाही, फक्त त्याचे वजन घ्यायचे. बांबू तोडताना शेवटचे टोक धरले नाही तर तुकडा स्वतःच्या वजनाने खाली जातो आणि साल लांबपर्यंत सोलत नेतो. कार्बनचेही अगदी तसेच होते, आणि ते सालपट राखायच्या भागातही जाऊ शकते. शेवटचे हात सगळ्यांत हलके. तुकडा हाताने मोडून काढू नका, थोडेसेच राहिले असले तरी.

कड बिघडलीच तर

सगळी बिघडलेली कड सारखी नसते, म्हणून आधी नीट बघा. टेप तशीच ठेवून कड ओल्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा.

नुसती लव उभी असेल, म्हणजे धागे मोकळे पण थर एकमेकांना चिकटलेले, तर ते वॉटर पेपरने जाते. खाली दिलेली घासण्याची पद्धत वापरा, आणखी काही करायला नको.

बाहेरचा थर कडेपासून दोन-चार मिमी उचलला गेला असेल, नखाने हलत असेल, तर तो भाग गेला. उचललेले जिथे संपते त्याच्या पाच मिमी वर नवी रेघ घ्या आणि पुन्हा कापा, अर्थात किमान खोलीच्या अटी पाळून. मोकळीक १५ ऐवजी २० मिमी झाली तरी चालते. खोली पुरत नसेल तर पोस्ट बाद. फटीत फेविक्विक सोडून दाबून धरणे हा उपाय नाही. त्याने वरची साल चिकटल्यासारखी दिसते. आतल्या थरांची तुटलेली पकड परत येत नाही.

भिंतीच्या जाडीत मध्येच काळी बारीक रेघ दिसत असेल, तर थर आतून सुटले आहेत. हे सहसा आवळण्याने होते, करवतीने नाही. नाण्याने कडेपासून वर टिचक्या मारत जा: चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. बद्द आवाज व्हाइसच्या पकडीच्या जागेपर्यंत जात असेल तर ती पोस्ट पुन्हा सायकलवर लावू नका.

काप तिरका आला असेल तर एक-दोन मिमीने काही बिघडत नाही. ते टोक फ्रेमच्या आत मोकळे असते. उगाच सरळ करायला जाऊन आणखी कापू नका. मोजताना मात्र आखूड बाजूने मोजा.

घासणे आणि कड बंद करणे

टेप अजून काढायची नाही. लाकडी ठोकळ्यावर २२० चा वॉटर पेपर, पाणी लावून, मग ४००, मग ६००. हात बाहेरून नळीच्या आतल्या बाजूकडे चालवा. बाहेरच्या दिशेने ओढला की बाहेरचा थर उचलतो, आणि चांगली आलेली कड इथेच बिघडते. बाहेरच्या धारेला अर्ध्या मिमीचा उतार द्या; आतल्या धारेला गुंडाळलेल्या पेपरने तेवढाच. बाहेरचा पृष्ठभाग घासायचा नाही.

बोळा काढा, कड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. कापलेल्या तोंडावर इअरबडने पातळ सुपरग्लू लावा. कोरडी कड तो शोषून घेते, म्हणून दुसरा हात द्या. अ‍ॅराल्डाइटसारखे संथ एपॉक्सी जास्त टिकाऊ, पण त्याला रात्रभर वाळायला द्या. बाहेरच्या बाजूला ओघळ गेला तर लगेच पुसा. २७.२ च्या नळीत २७.२ ची पोस्ट बसते तेव्हा मध्ये फार थोडी जागा असते, वाळलेला एक थेंब पोस्ट अडकवायला पुरतो. शेवटी टेप काढा: वेढ्याच्या दिशेने, नळीला लगटून, सावकाश.

ही कड बंद करणे नुसत्या दिसण्यासाठी नाही, विशेषतः फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलावा आणि मीठ आले की ॲल्युमिनियम गंजते आणि त्याची पांढरी भुकटी पोस्टला फ्रेममध्ये गच्च धरते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात आणि ट्रेनरवर (घरात जागीच सायकल चालवायच्या स्टँडवर) गळणाऱ्या घामात हे फार लवकर होते. पावसाळ्यात तरी महिन्यातून एकदा पोस्ट काढून पुसावी आणि परत बसवावी.

बसवताना, आणि पोस्ट घसरत असेल तर

सीट ट्यूबच्या आतून जुने ग्रीस पूर्ण काढा. अल्कोहोल लावलेले फडके काठीला गुंडाळून दोन-तीनदा फिरवा. कार्बन पोस्टला ग्रीस लावायचे नाही. कार्बन असेंब्ली पेस्ट लावा, तिच्यातले बारीक कण कमी टॉर्कला (बोल्ट आवळण्याच्या जोराला) पकड देतात. क्लॅम्पच्या पट्ट्यात आणि त्याच्या थोडे खाली पातळ हात पुरतो. पोस्ट सरळ खाली घाला. पिळत पिळत घातली तर तेच कण लॅकर खरवडतात.

क्लॅम्पवर छापलेला टॉर्क हा कमाल असतो, लक्ष्य नव्हे. बहुतेक क्लॅम्पवर ४ ते ६ न्यूटन-मीटर असतो. टॉर्क रेंचने ३ पासून सुरू करा, सीटवर बसून बघा, न घसरल्यास तिथेच थांबा. घसरल्यास अर्ध्या-अर्ध्याने वाढवा. एल-कीने अंदाजे आवळू नका. हाताला ५ आणि ९ यांतला फरक कळत नाही.

छापील टॉर्कला पोस्ट घसरतच असेल तर जास्त आवळणे हा उपाय नाही. आधी व्हर्नियरने पोस्टचा व्यास एकमेकांना काटकोनात दोन जागी मोजा. २७.० ची पोस्ट २७.२ च्या फ्रेममध्ये, किंवा ३०.९ ची ३१.६ मध्ये, असा घोळ पुष्कळदा सापडतो. मग क्लॅम्पची फट बघा: आवळल्यावर दोन्ही ओठ एकमेकांना टेकत असतील तर टॉर्क रेंच टिकटिक वाजते, पण जोर पोस्टपर्यंत पोचतच नाही. क्लॅम्प चुकीच्या मापाचा आहे. क्लॅम्पच्या बोल्टचे आटे कोरडे, गंजलेले असतील तर घर्षणातच टॉर्क खर्च होतो. त्या आट्यांना मात्र किंचित ग्रीस लावा. हे सगळे बरोबर असूनही घसरत असेल तर सीट ट्यूबच्या आत ग्रीसचा अंश राहिला आहे. पुन्हा पुसा, नवी पेस्ट.

कापल्यानंतर नव्याने कुरकुर सुरू झाली तर आधी सीटच्या रेल्सचे (सीटखालच्या दोन दांड्यांचे) बोल्ट बघा. सीट काढून लावलेली असते आणि आवाज तिथूनच येत असतो. टक् टक् असा एकेरी आवाज खड्ड्यातच येत असेल तर पोस्टचे टोक आत टेकते आहे का ते बघा.

बसवल्यावर क्लॅम्पच्या वरच्या कडेला लागून पोस्टवर टेपची बारीक पट्टी लावा. पहिल्या राइडनंतर आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर ती पट्टी आणि टॉर्क तपासा. पट्टी क्लॅम्पच्या खाली गेली असेल तर पोस्ट घसरली. पट्टी जागेवर असेल तर ती काढा, पोस्ट एकदा बाहेर घ्या आणि क्लॅम्पच्या पकडीच्या जागी गोल भेग, पांढुरकी रेघ किंवा दाबाचा खळगा आहे का ते बोटाने आणि नाण्याने बघा. काहीही सापडले तर ती पोस्ट परत आत घालू नका.